लायकेन प्लॅनस: नात्यातले, शेजारचे आणि मेसेजवर येणारे सगळे प्रश्न एकाच ठिकाणी

माझ्या आईला लायकेन प्लॅनस आहे, आधी मनगटावर आणि पायावर आला आणि मग तोंडात, आणि हे नाव ज्यांच्या ज्यांच्या कानावर गेलं त्या सगळ्यांनी साधारण तेच प्रश्न विचारले जे आम्हीही डॉक्टरांना विचारत होतो. मी डॉक्टर नाही. तिच्या स्किनच्या डॉक्टरांनी आणि डेंटिस्टनी जे समजावलं आणि मी नंतर वाचून पडताळून घेतलं ते इथे लिहितेय. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, हातापायावरचा लायकेन प्लॅनस बहुतेकांचा वेळ घेऊन शांत होतो, पण तोंड, डोक्याचे केस, नखं आणि खालची नाजूक जागा यांच्या बाबतीत "बघू थोडे दिवस" असं करू नका.

हा आजार नक्की काय आहे?

शरीराच्या प्रतिकारशक्तीतून होणारी सूज आहे ही. आपल्या रक्तात टी सेल्स असतात, व्हायरस शिरलेल्या पेशी शोधून मारणं हे त्यांचं काम, पण या आजारात त्या वरच्या कातडीच्या अगदी तळाच्या थरातल्या चांगल्या पेशींवर जाऊन हल्ला करतात. तिथल्या पेशी मरतात, त्यातला रंग खालच्या थरात उतरतो, आणि म्हणून पुरळ बसून गेलं तरी काळपट डाग मागे राहतो. टी सेल्स अशा का वागायला लागतात याचं एकच एक कारण सापडलेलं नाही. आजार नवा अजिबात नाही, इंग्लंडच्या इरॅस्मस विल्सन या डॉक्टरांनी १८६९ मध्ये त्याचं वर्णन केलं, तेव्हा "हल्लीच्या खाण्यामुळे हे असलं निघालंय" असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. साधारण शंभरात एकाला किंवा त्याहून कमी लोकांना होतो, जास्त करून तिशी ते साठीच्या दरम्यान. लहान मुलांमध्ये कमी, तरी भारतातल्या डॉक्टरांनी मुलांमधल्या बऱ्याच केसेस नोंदवल्या आहेत.

दुसऱ्याला लागतो का? ताट-वाटी, टॉवेल वेगळे ठेवायचे का?

नाही. अजिबात नाही. यात जंतू नाही, बुरशी नाही, त्यामुळे लागणार काय? एका ताटात जेवा, नातवंडांना मांडीवर घ्या, नवरा-बायकोने जवळ या, काही होत नाही. आईने स्वतःहूनच आपला पेला वेगळा काढला होता आणि भाच्याला जवळ घ्यायची टाळत होती, त्याचा मला त्या पुरळापेक्षा जास्त त्रास झाला. घरात कुणाला झाला असेल तर पहिल्याच दिवशी हे स्पष्ट सांगून टाका, आणि पेशंटसमोर सांगा, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

ओळखायचा कसा? गजकर्ण किंवा सोरायसिस नाही कशावरून?

छोट्या छोट्या, चपट्या माथ्याच्या, जांभळट रंगाच्या फुटकुळ्या असतात, वरून जरा चकाकतात, कडा गोल नसून कोनाकोनाच्या. आपल्या सावळ्या कातडीवर जांभळा रंग पुस्तकातल्या फोटोइतका दिसत नाही, काळपट-तपकिरी किंवा राखाडी दिसतो, त्यामुळे नेटवरचे गोऱ्या लोकांचे फोटो बघून "माझं असं नाहीये" असं ठरवू नका. नेहमीच्या जागा म्हणजे मनगटाची आतली बाजू, हाताचा पुढचा भाग, घोटे, नडग्या, कंबर. खाज भयंकर असते. नीट उजेडात, किंवा डॉक्टर त्यांच्या डर्मोस्कोपमधून (कातडी मोठी करून दाखवणाऱ्या भिंगातून) बघतात तेव्हा, फुटकुळीवर बारीक पांढऱ्या रेघा दिसतात, त्यांना विकहॅम स्ट्राय म्हणतात, पॅरिसच्या विकहॅमनी १८९५ मध्ये त्या दाखवल्या.

गजकर्णाची कड गोल, पसरत जाणारी असते, मध्ये साफ होत जातं आणि जांघेत, काखेत, कमरेच्या पट्ट्यात जास्त. सोरायसिसवर जाड चंदेरी पापुद्रे सुटतात आणि तो कोपरावर, गुडघ्यावर, डोक्यात जास्त. पण खरं सांगू का, अनुभवी डॉक्टरलाही कधी कधी नुसत्या नजरेने शंका राहते, आपण तर घरी आरशात बघून ठरवायच्या भानगडीत पडूच नये. आणि चट्ट्यावर बधिरपणा असेल, गरम-गार टोचलेलं कळत नसेल तर ती लायकेन प्लॅनसची खूण नाही, कुष्ठरोगाची तपासणी लगेच करून घ्या, त्याचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि पूर्ण बरं होतं.

खाजवलं की तिथे नवीन येतं असं वाटतं, खरंच असं होतं का?

हो, होतं. कातडीला ओरखडा पडला, कापलं, घासलं गेलं की बरोबर त्या रेषेत नव्या फुटकुळ्या उठतात, याला कोबनर फिनॉमिनन म्हणतात. आईच्या पोटरीवर नखाच्या ओरखड्याची सरळ रेघच उठली होती, एका खाली एक फुटकुळ्या. म्हणून नखं बारीक कापलेली ठेवा, खाज आली की खाजवण्याऐवजी गार पाण्याची पट्टी ठेवा, आंघोळ कडकडीत पाण्याने नको, आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर किंवा खोबरेल तेल लावा, घट्ट इलॅस्टिक आणि परकराची नाडी जिथे काचते तिथे लक्ष द्या. रात्री खाजेने झोप लागत नसेल तर डॉक्टर झोप येणारी अँटीहिस्टामिन गोळी देतात.

तोंडातला कसा असतो?

याबद्दल सविस्तर लिहिते कारण सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. अंगावर लायकेन प्लॅनस असलेल्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांच्या तोंडातही तो सापडतो, आणि बऱ्याच जणांना अंगावर काहीच नसतं, फक्त तोंडातच असतो. गालाच्या आतल्या बाजूला, दोन्हीकडे, कोळ्याच्या जाळ्यासारख्या पांढऱ्या रेघा. नुसत्या रेघा असतील तर बहुतेक वेळा त्रास काहीच नसतो, डेंटिस्टला दाढ बघता बघता दिसतात. दुसरा प्रकार त्रासाचा, त्यात गाल, जीभ लालभडक होते, सालपटं निघतात, छाले पडतात, हिरड्या ब्रश लागला तरी सोलवटतात. आईला आधी फक्त ठेचा लागायला लागला, मग आमटी, मग टूथपेस्टसुद्धा. आम्ही "उष्णता झाली असेल" म्हणत गुलकंद आणि सब्जा देत राहिलो, बहुतेक घरात हेच होत असेल. नंतर डेंटिस्टनी मोबाईलच्या टॉर्चमध्ये गाल बाहेर ओढून ती जाळी आम्हाला दाखवली तेव्हा कळलं की अंगावरचा आणि तोंडातला आजार एकच आहे.

तोंडातला लायकेन प्लॅनस अंगावरच्यासारखा वर्ष-दोन वर्षांत जात नाही, अनेक वर्षं राहतो, कमी होतो, परत वाढतो. तेव्हा तो काबूत ठेवायचा असतो, आणि ते नीट जमतं.

तोंडात लावायचं औषध थुंकीबरोबर निघून जातं, मग उपयोग काय?

लावायची पद्धत बरोबर असेल तर पुष्कळ उपयोग होतो. आम्हाला शिकवलं ते असं: जेवण झाल्यावर चूळ भरा, स्वच्छ गॉझने ती जागा हलकेच टिपून कोरडी करा, कारण ओल्या जागेवर काही चिकटत नाही, मग बोटाच्या टोकावर थोडीशी जेल किंवा पेस्ट घेऊन लावा, चोळू नका, नुसती टेकवा. त्यानंतर अर्धा तास खाणंपिणं काही नाही. रात्री झोपताना लावलेलं सगळ्यात जास्त टिकतं कारण झोपेत लाळ कमी सुटते. ट्रायमसिनोलोनची पेस्ट किंवा क्लोबेटासोलची जेल साधारण देतात, ही स्टेरॉइडची औषधं, खूप जागी असेल तर पाण्यात विरघळणारी बीटामेथासोनची गोळी विरघळवून चूळ भरायला सांगतात, ती चूळ गिळायची नाही, थुंकायची. स्टेरॉइडमुळे काही जणांच्या तोंडात बुरशी धरते, पांढरा थर येतो जो पुसला की निघतो, तसं दिसलं तर औषध स्वतःहून बंद न करता डॉक्टरला सांगा, त्याचं वेगळं औषध असतं.

मग जेवायचं काय? तिखट कायमचं बंद?

तिखटामुळे आजार होत नाही, पण सोलवटलेल्या जागी ते झोंबतं, एवढंच. त्रास असेल त्या दिवसांत मिरची, लिंबू, चिंच, टोमॅटो, व्हिनेगर, कडक तळलेलं, टोचणारी चिवडा-फरसाण टाईप गोष्ट आणि वाफाळता चहा बाजूला. मऊ भात-वरण-तूप, दही (आंबट नको), लापशी, मऊ खिचडी, ताकातली भाकरी कुस्करून, केळं, दुधी-भोपळ्याची भाजी. शांत झालं की हळूहळू तिखट परत सुरू करता येतं, आई आता मिसळ खाते, रस्सा पातळ आणि वर दही घालून. टूथपेस्ट फेस न होणारी, म्हणजे सोडियम लॉरिल सल्फेट नसलेली घ्या आणि दालचिनीच्या किंवा कडक पुदिन्याच्या चवीची टाळा, अल्कोहोलवाला माउथवॉश बंद. ब्रश एकदम मऊ. दातावर किटण साठलं की हिरड्यांचा त्रास वाढतो त्यामुळे दुखतं म्हणून ब्रश सोडू नका, आणि डेंटिस्टकडून सफाई करून घेत जा.

तोंडातल्याचा कॅन्सर होतो का?

धोका थोडा आहे, साधारण शंभरातल्या एकाच्या आसपास, तोही अनेक वर्षांत, जास्त करून लाल-सोलवटलेल्या प्रकारात. घाबरून झोप उडवायची गरज नाही पण सहा महिन्यांनी किंवा वर्षाने तोंड दाखवायचंच, त्रास नसला तरी. एखादा छाला तीन आठवड्यांत बरा झाला नाही, जागा कडक लागली, गाठ आली, सतत रक्त यायला लागलं तर तारखेची वाट न बघता जा.

आणि इथे आपल्याकडची गोष्ट. मिश्री, तंबाखू, गुटखा, सुपारी. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे तरी तोंडातला गुटखा बंद झालेला नाही. गावाकडे कितीतरी बायका दात घासायच्या निमित्ताने दिवसातून तीनदा मिश्री लावतात आणि त्याला व्यसन म्हणतच नाहीत. तोंडात लायकेन प्लॅनस असताना हे चालू ठेवणं म्हणजे कॅन्सरचा धोका स्वतःच्या हाताने वाढवणं, इथे मी गोड बोलणार नाही. शिवाय तोंडातला प्रत्येक पांढरा डाग लायकेन प्लॅनस नसतो, तंबाखूचा पांढरा चट्टा वेगळा, आणि सुपारीने तोंड उघडायचं कमी होतं, गाल ताठ होतात तो आजार वेगळा. तोंडात तीन बोटं उभी मावत नसतील तर तेही दाखवा.

बायोप्सी सांगितली म्हणजे डॉक्टरला कॅन्सरची शंका आहे का?

बहुतेक वेळा नाही. नक्की निदानासाठी असते. जागा इंजेक्शनने बधिर करतात, चार मिलीमीटरच्या आसपासचा तुकडा काढतात, एखाद-दोन टाके, पंधरा-वीस मिनिटांत घरी. बधिर करायचं इंजेक्शन तेवढं चावतं. मायक्रोस्कोपखाली कातडीच्या तळाशी पट्ट्यासारख्या साठलेल्या टी सेल्स आणि करवतीच्या दातांसारखी झालेली कड दिसली की निदान पक्कं होतं. तोंडातल्यासाठी कधी कधी दुसरा तुकडा इम्युनोफ्लुरोसन्स नावाच्या वेगळ्या तपासणीला पाठवतात, कारण पेम्फिगससारखे फोड येणारे आजारही तोंडात असेच दिसू शकतात आणि त्यांचं औषध एकदम वेगळं आहे.

बीपीच्या गोळीने झालाय असं कुणीतरी म्हणालं, गोळी बंद करू का?

बंद करू नका. काही औषधांमुळे लायकेन प्लॅनससारखंच पुरळ येतं हे खरं आहे, बीपीची काही औषधं, लघवी जास्त होण्याच्या काही गोळ्या, मलेरियाची औषधं, काही पेनकिलर. गोंधळ असा की औषध सुरू केल्यावर कित्येक महिन्यांनी पुरळ येतं, त्यामुळे संबंध लक्षातच येत नाही. पण बीपीची गोळी एकदम सोडली तर त्या खाजेपेक्षा मोठं संकट उभं राहील. स्किनवाल्यांना चालू गोळ्यांची यादी दाखवा, ते तुमच्या फिजिशियनशी बोलून पर्याय ठरवतात. तोंडात एकाच जागी, चांदीच्या जुन्या फिलिंगला अगदी लागून असलेला चट्टा असेल तर फिलिंग बदलूनही तो जाऊ शकतो, हे डेंटिस्टला मुद्दाम विचारा.

रक्ताच्या कुठल्या टेस्ट करतात?

हिपॅटायटिस सी ची टेस्ट अनेकदा सांगतात, कारण जगाच्या काही भागात, विशेषतः भूमध्य समुद्राच्या आसपास आणि जपानमध्ये, या दोघांचा संबंध ठळक दिसलाय. निघालाच तर आता त्याच्या गोळ्यांनी साधारण १२ आठवड्यांत तो व्हायरस बरा होतो. शुगर, कोलेस्टेरॉल, थायरॉइडही बघून घेतात.

मेडिकलवाल्याने ट्यूब दिली, दोन दिवसांत आराम पडला, तीच चालू ठेवू का?

कृपा करून नको. त्या ट्यूबमध्ये बहुधा स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं एकत्र कालवलेलं असतं. खाज बसते हे खरं, पण आजार बुरशीचा असेल तर तो आतून फोफावतो आणि नंतर ओळखूही येत नाही, आणि चेहऱ्यावर किंवा जांघेत लावली तर कातडी कागदासारखी पातळ होते, भेगांसारखे पट्टे पडतात ते कायमचे. कितीतरी स्टेरॉइड क्रीम २०१८ मध्ये सरकारने चिठ्ठीशिवाय न देण्याच्या यादीत टाकली, तरी मिळतात.

गंमत वाटेल पण लायकेन प्लॅनसचं पहिलं औषधही स्टेरॉइड मलमच आहे, क्लोबेटासोलसारखं जोरदार. त्यामुळे उलट्या टोकाला जाऊन "स्टेरॉइड आहे, लावूच नका" असंही करू नका. कुठल्या जागी, किती, किती दिवस आणि कमी कसं करत आणायचं, हे सांगणारा डॉक्टर पाहिजे.

मलमाने भागलं नाही तर?

नडगीवर जाड, चामड्यासारखे चट्टे होतात त्या प्रकारात चट्ट्यातच स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. अंगभर असेल तर थोड्या आठवड्यांसाठी प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या, किंवा नॅरोबँड यूव्हीबी लाईट, म्हणजे ठराविक किरणांचा उपचार, आठवड्यातून दोन-तीन वेळा सेंटरला जाऊन उभं राहायचं. नाजूक जागी टॅक्रोलिमसचं मलम. पुढे हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन, ॲसिट्रेटिन, मेथोट्रेक्सेट, सायक्लोस्पोरिन अशी औषधं आहेत, प्रत्येकाच्या आपल्या तपासण्या आहेत.

यातल्या दोन गोष्टी भिंतीवर लिहून लावा. मेथोट्रेक्सेट या आजारासाठी आठवड्यातून एकदाच घेतात, रोज घेतलं तर जीवावर बेततं, म्हणून वार ठरवा आणि घरातल्या अजून एकाला माहीत असू द्या. आणि ॲसिट्रेटिन घेताना आणि बंद केल्यावर तीन वर्षं दिवस राहता कामा नयेत, बाळावर गंभीर परिणाम होतो, त्यामुळे मूल हवं असलेल्या बाईने हे औषध लिहिलं जातानाच स्पष्ट बोलावं.

खाली, नाजूक जागी आहे. कुणाला सांगायचं?

हा प्रश्न मला एकट्यात गाठून विचारतात, कुजबुजत. योनीच्या आत-बाहेर जळजळ, लाल सोलवटलेली जागा, लघवीला झोंबणं, संबंधांच्या वेळी दुखणं, रक्त येणं, हे सगळं लायकेन प्लॅनसमुळे असू शकतं, आणि हिरड्याही सोलवटत असतील तर दोन्ही एकाच आजाराचे भाग असण्याची शक्यता खूप. बायका वर्षानुवर्षं पांढऱ्या पाण्याच्या गोळ्या घेत राहतात. उशीर झाला तर आत व्रण धरून मार्ग आकसतो, आणि आकसलेलं मोकळं करणं फार अवघड. गायनॅककडे जा किंवा स्किनच्या लेडी डॉक्टरकडे, आणि "तोंडातही त्रास आहे" हे वाक्य नक्की बोला. पुरुषांमध्ये शिश्नावर बांगडीसारख्या गोल कडा येतात, तो गुप्तरोग नाही.

केस गळतायत, हाही त्याचाच भाग?

डोक्यात खाज, आग, केसांच्या मुळाभोवती लाली आणि खपली, आणि मग गुळगुळीत टक्कल पडत जाणं हा लायकेन प्लॅनोपिलारिस. यात केसाचं मूळच मरतं, तिथे परत केस येत नाहीत, त्यामुळे जे आहेत ते वाचवणं एवढंच हातात असतं आणि ते लवकर गेलं तरच. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत कपाळावरची केसांची रेघ मागे सरकते आणि भुवया विरळ होतात तोही याच घराण्यातला आजार. नखांवर उभ्या रेघा, नख पातळ होणं, मधून फाटणं, कातडी नखावर चढून येणं दिसलं तरी तसंच, नख एकदा गेलं की कायमचं जाऊ शकतं.

चेहऱ्यावर आणि मानेवर राखाडी-काळे डाग आलेत, पुरळ कधी आलंच नाही, तेही हेच?

असू शकतं, लायकेन प्लॅनस पिगमेंटोसस. भारतात हा प्रकार बराच दिसतो, १९७४ मध्ये दिल्लीच्या भुतानी आणि सहकाऱ्यांनी तो या नावाने मांडला. हेअर डाय, मोहरीचं तेल, आवळ्याचं तेल, सेंट यांच्याशी संबंध असल्याचं म्हणतात, म्हणून निदान होईपर्यंत डाय आणि वासाची तेलं थांबवून बघा. ऊन टाळा, सनस्क्रीन रोज. वांग समजून गोरं करायच्या क्रीम चोपडू नका. हे डाग, आणि पुरळानंतर राहिलेले डागही, महिने काय वर्षंही घेतात फिकट व्हायला. लेझर आणि पीलची घाई केली तर आपल्या कातडीवर अजून काळं पडू शकतं.

हळद, कडुनिंब, बिब्बा?

हळदीतल्या करक्युमिनवर तोंडातल्या लायकेन प्लॅनससाठी अभ्यास झालेत, काहींत थोडा आराम दिसलाय, पण सोलवटलेल्या तोंडाला ते पुरत नाही. जेवणात हळद खा. बिब्बा लावू नका, लसूण घासू नका, लिंबू चोळू नका. बिब्ब्याचं तेल भाजल्यासारखे फोड आणतं, आणि आधी सांगितलं तसं जिथे कातडीला इजा तिथे लायकेन प्लॅनस परत. टेन्शनने मात्र खरंच वाढतो असं बऱ्याच पेशंटना जाणवतं, तेव्हा झोप आणि मन:शांती हाही उपचारातला भाग धरा.

मुलीचं लग्न ठरतंय, सासरी सांगायचं का?

सांगायचं की नाही हे मुलीने ठरवायचं, तिच्या आई-मावशीने नाही. सांगायचं ठरलं तर हे सांगा: लागत नाही, मुलांना होईलच असं नाही, क्वचित एकाच घरात दोघांना दिसतो एवढंच, दिवस राहायला अडचण नाही, फक्त वर लिहिलेली औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरशी बोलायचं.

पहिल्यांदा जाताना काय घेऊन जायचं?

चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, नुसती नावं नाही, बीपी-शुगरपासून आयुर्वेदिक काढ्यापर्यंत, आणि कुठली कधी सुरू झाली ते. आजवर लावलेल्या ट्यूबा, रिकाम्या असल्या तरी. जोरात असतानाचे दिवसाच्या उजेडातले फोटो, कारण अपॉइंटमेंटच्या दिवशी नेमकं शांत असतं. त्या सकाळी चट्ट्यावर काही लावू नका, नेलपॉलिश काढून जा, कवळी असेल तर काढायची तयारी ठेवा, आणि डॉक्टरने फक्त हात बघितले तर स्वतःहून सांगा की तोंड, डोकं आणि नखंही बघा.